बीडच्या पाण्याचे गणित : संगणकीय प्रतिमाने आणि पीएच.डी. संशोधनाच्या संधी

बीड शहराजवळची खजाना विहीर जिल्ह्यात सर्वांना परिचित आहे. सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या अमदानीत, बीडचे जहागीरदार सलाबतखान यांच्या काळी ही विहीर बांधली गेली. स्थापत्यकार म्हणून राजा भास्कर यांचे नाव सांगितले जाते. विहिरीत भूमिगत मार्गाने पाणी येते आणि भूमिगत मार्गानेच ते पुढे शेतीकडे जाते. या मार्गांना योग्य उतार देणे, ते कोठून काढावयाचे व कोठे सोडावयाचे हे ठरविणे, यांसाठी जमिनीची पातळी, खडकाची जात आणि पाण्याचा स्वभाव यांचा बारकाईने अभ्यास झाला असला पाहिजे. पाणी जमिनीखाली कसे वागेल याचे चित्र आधी मनात उभे राहिले आणि मगच कुदळ चालली.

काम करण्यापूर्वी त्याचा परिणाम काय होईल हे गणिताने पडताळून पाहण्याची हीच रीत आज संगणकाच्या साहाय्याने अवलंबिली जाते. अभियांत्रिकीच्या या शाखेला संगणकीय प्रतिमाननिर्मिती व सदृशीकरण असे म्हणतात. महाविद्यालयांतून ती मॉडेलिंग आणि सिम्युलेशन या नावाने परिचित आहे. या शाखेत पीएच.डी.साठी संशोधन करण्याच्या संधी गेल्या काही दशकांत पुष्कळ वाढल्या आहेत. परंतु हा विषय मोठ्या शहरांचा, विमाने आणि मोटारी बनविणाऱ्या कारखान्यांचा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही. बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यातील पाण्याचे, कालव्यांचे आणि घरांचे प्रश्न हेच या शाखेतील उत्तम संशोधनाचे विषय होऊ शकतात, आणि त्या संशोधनाचा कच्चा माल गावाच्या नोंदवहीत तयार होतो.

प्रतिमान म्हणजे काय?

प्रतिमान हे एखाद्या वस्तूचे अथवा घटनेचे गणिती रूप होय. ग्रामपंचायतीचा जमाखर्च ज्याप्रमाणे आवक, जावक आणि शिल्लक अशा तीन भागांत मांडला जातो, त्याचप्रमाणे गावाच्या पाण्याचाही जमाखर्च मांडता येतो. पाऊस ही आवक. नाल्यावाटे वाहून जाणारे पाणी, पिकांनी व झाडांनी घेतलेले पाणी, बाष्पीभवन आणि विहिरींतून झालेला उपसा ही जावक. मातीत, मुरुमात आणि तलावात राहिलेले पाणी ही शिल्लक. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने पाण्याचा असा ताळेबंद ग्रामसभेत मांडून त्यानुसार पिके ठरविण्याची पद्धत रूढ केली, ही गोष्ट पंचायत सदस्यांना ठाऊक आहेच.

एक साधे उदाहरण घेऊ. १ हेक्टर क्षेत्रावर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० घनमीटर, अर्थात १०,००० लिटर पाणी मिळते. समजा, एका गावाचे शिवार १,००० हेक्टर आहे आणि त्या वर्षी ६०० मिलिमीटर पाऊस झाला. तर गावाच्या शिवारात एकूण ६० लाख घनमीटर पाणी पडले. गावाची लोकसंख्या २,००० धरली आणि माणशी दररोज ५५ लिटर हे नळपाणी योजनांचे प्रमाण लावले, तर वर्षभराची घरगुती गरज सुमारे ४०,००० घनमीटर होते. म्हणजे पडलेल्या पावसाच्या एक टक्काही नाही. तरीही त्याच गावाला मे महिन्यात टँकर लागू शकतो.

याचे कारण केवळ पाऊस कमी हे नव्हे. पाणी केव्हा पडले, कोठे मुरले, किती काळ टिकले आणि कोणी किती उपसले, यावर सारे अवलंबून असते. उसाला वर्षभरात साधारणपणे २,००० मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर १०० हेक्टर उसासाठी २० लाख घनमीटर, म्हणजे वरील गावात पडलेल्या एकूण पावसाच्या एक तृतीयांश पाणी लागेल. हा हिशेब कागदावर करता येतो. पण शिवाराचे शेकडो लहान चौकोन पाडून, प्रत्येक चौकोनातील माती, उतार, पीक आणि विहिरी लक्षात घेऊन, वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी तो करावयाचा झाला, तर माणसाच्या हाताने ते काम होणार नाही. तेथे संगणक लागतो. प्रतिमान संगणकावर चालवून ‘पाऊस १५ दिवस उशिरा आला तर काय होईल?’, ‘उसाऐवजी ज्वारी घेतली तर काय होईल?’ असे प्रश्न त्याला विचारणे, यालाच सदृशीकरण म्हणतात.

शास्त्राची वाटचाल

या शास्त्राचा पाया संगणक येण्याच्या पुष्कळ आधी घातला गेला. फ्रान्समधील दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम करणारे अभियंते आंरी दार्सी यांनी १८५६ मध्ये वाळूच्या थरातून पाणी किती वेगाने झिरपते याचा नियम मांडला. भूजलाची बहुतेक प्रतिमाने आजही त्याच नियमावर उभी आहेत. १८७१ मध्ये सँ-व्हनाँ यांनी नदी व कालव्यातील बदलत्या प्रवाहाची समीकरणे दिली. समीकरणे हाती होती, पण ती प्रत्यक्ष नदीसाठी सोडविण्याइतकी आकडेमोड करणे शक्य नव्हते.

या बाबतीत इंग्रज शास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन यांचा अनुभव बोधप्रद आहे. त्यांनी केवळ सहा तासांच्या हवामानाचा अंदाज हाताने आकडेमोड करून काढण्याचा प्रयत्न केला आणि त्याची हकीकत १९२२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. अंदाज साफ चुकला. हवेच्या दाबात जो बदल त्यांच्या गणिताने दाखविला तो प्रत्यक्षात कधीच घडत नाही इतका मोठा होता. पुढील काळात असे दिसून आले की, दोष समीकरणांचा नव्हता. आरंभीच्या निरीक्षणांत ज्या विसंगती होत्या त्या आधी दूर न केल्याने चूक वाढत गेली. संगणकाच्या साहाय्याने हवामानाचा पहिला अंदाज १९५० मध्ये अमेरिकेत वर्तविला गेला. आरंभीची मोजमापे जितकी चांगली तितकेच उत्तर चांगले, हा रिचर्डसन यांच्या प्रयोगाचा धडा मात्र आजही कायम आहे.

महाराष्ट्रात या विद्येची परंपरा जुनी आहे. पुण्याजवळ खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राचा आरंभ १९१६ सालचा. धरणांचे सांडवे, बंदरे आणि नद्या यांच्या लहान आकाराच्या प्रतिकृती उघड्या मैदानावर बांधून त्यांतून पाणी सोडावयाचे आणि प्रवाहाचे निरीक्षण करावयाचे, हे तेथील कामाचे वैशिष्ट्य होय. आता तेथे अशा प्रतिकृतींच्या जोडीने गणिती प्रतिमानेही वापरली जातात. १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, स्थापन झाले आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये ‘प्रत्युष’ हा महासंगणक कार्यान्वित झाला. मान्सूनच्या अंदाजासाठी लागणारी प्रचंड आकडेमोड अशा यंत्रांमुळे शक्य झाली. २०१५ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय महासंगणन अभियानातून देशातील अनेक शिक्षणसंस्थांना महासंगणक मिळाले आहेत. संशोधक विद्यार्थी आपल्या संस्थेमार्फत दूर अंतरावरूनही अशा यंत्रांवर काम करू शकतो.

बीड जिल्ह्यातील संशोधनाचे विषय

पीएच.डी.चे संशोधन म्हणजे तयार आज्ञावली चालवून अहवाल लिहिणे नव्हे. आजवर कोणाला नीट उत्तर देता आले नाही असा प्रश्न निवडणे, त्याचे उत्तर शोधण्याची रीत सिद्ध करणे आणि ते उत्तर कितपत विश्वसनीय आहे हे दाखवून देणे, ही त्याची कसोटी होय. या दृष्टीने बीड जिल्ह्यात पुढील विषय सहज नजरेत भरतात.

पहिला विषय भूजलाचा. जिल्ह्याचा बहुतांश भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्ट खडकाचा आहे. दार्सी यांचा नियम वाळूच्या सलग थरासाठी निघाला. बेसाल्टमध्ये मात्र पाणी वरच्या झिजलेल्या मुरुमात आणि खालच्या खडकाच्या भेगांत साठते. एका विहिरीला भरपूर पाणी आणि पन्नास पावलांवरची दुसरी विहीर कोरडी, हा अनुभव शेतकऱ्यांना नेहमीचा आहे. साठवणूकही बेताचीच. खडकाची पाणी देण्याची क्षमता दोन टक्के धरली, तर १ हेक्टर क्षेत्रात भूजलाची पातळी १ मीटरने खाली जाते तेव्हा अवघे २०० घनमीटर पाणी हाती येते. भेगांच्या या जाळ्यातून पाणी कसे फिरते, नाला खोलीकरणाने अथवा पाझर तलावाने नेमके किती पाणी मुरते आणि त्याचा लाभ वरच्या गावाला होतो की खालच्या, हे प्रश्न केवळ शास्त्रीय नाहीत. शासनाचा निधी कोठे खर्च व्हावा याच्याशी त्यांचा थेट संबंध आहे.

दुसरा विषय तलाव आणि धरणांतील पाण्याचा. केज तालुक्यातील धनेगाव येथे मांजरा धरण आहे. लातूर शहरासह बीड जिल्ह्यातील काही गावे आणि शहरे पिण्याच्या पाण्यासाठी या धरणावर अवलंबून आहेत. २०१६ च्या उन्हाळ्यात हे धरण कोरडे पडले आणि मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. ५० वाघिणींची एक गाडी सुमारे २५ लाख लिटर, म्हणजे २,५०० घनमीटर पाणी आणत असे. आता दुसरा हिशेब पाहा. १ चौरस किलोमीटर जलपृष्ठावरून ५ मिलिमीटर पाणी वाफ होऊन गेले, तर ५,००० घनमीटर पाणी नाहीसे होते. मराठवाड्यात मे महिन्यात दिवसाला ५ मिलिमीटरहून अधिक बाष्पीभवन होते. म्हणजे तलावाच्या प्रत्येक चौरस किलोमीटरवरून रोज दोन पाणीगाड्यांहून अधिक पाणी कोणाच्याही ओठी न लागता उडून जाते. वारा, तापमान, पाण्याची खोली आणि साचलेला गाळ यांचा एकत्र विचार करून हे नुकसान कसे मोजावे, पाणी कोणत्या महिन्यात कोणत्या कामासाठी सोडल्यास ते कमी होईल, याचे प्रतिमान बनविणे हा अत्यंत उपयुक्त विषय ठरेल.

तिसरा विषय कालव्यांचा. सिंदफणा नदीवरील माजलगाव धरण हा जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्याचा भाग आहे. पैठणच्या उजव्या कालव्याचे पाणीही या जलाशयाला मिळते. लांब कालव्याचे दरवाजे वर उघडल्यापासून पाणी शेवटच्या भागात पोचेपर्यंत मध्ये गळती, पाझर आणि अनधिकृत उपसा असतो. टेलच्या शेतकऱ्याला पाळी वेळेवर मिळत नाही ही तक्रार जुनीच आहे. सँ-व्हनाँ यांची समीकरणे वापरून दरवाजे कोणत्या क्रमाने आणि किती उघडावेत म्हणजे वरच्याला व खालच्याला सारखे पाणी मिळेल, हे ठरविता येते. येथे गणिताचा संबंध न्यायाशी येतो.

चौथा विषय ऊर्जेचा. परळी वैजनाथ येथील औष्णिक विद्युत केंद्र २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. वीजनिर्मितीतील उष्णता कमीत कमी पाण्यात कशी बाहेर टाकावी, हा उष्णता आणि द्रवप्रवाह यांच्या प्रतिमानाचा विषय आहे. त्याचबरोबर जिल्ह्यातील बालाघाटच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत. डोंगराच्या कडेवरून वारा कसा वळतो, एका पवनचक्कीच्या मागे दुसरीला वारा किती कमी मिळतो, हे संगणकावर आधी पाहता येते.

पाचवा विषय घरांचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर व आजच्या धाराशिव जिल्ह्यांत दगडमातीच्या जाड भिंतींची घरे कोसळून मोठी प्राणहानी झाली. तशाच बांधणीची घरे व वाडे बीड जिल्ह्यातील गावांतही आहेत. भिंतीचे असंख्य लहान भाग कल्पून प्रत्येक भागावरील ताण काढण्याची सांत घटक पद्धती अभियंत्यांना परिचित आहे. परंतु मातीच्या गाऱ्यात बसविलेला अनघड दगड हादऱ्याखाली कसा सुटतो, आणि गरीब कुटुंबाला परवडेल अशा खर्चात भिंत कशी बळकट करावी, यावर अजून पुष्कळ काम होण्यासारखे आहे.

प्रतिमानाची परीक्षा

संगणकाने दिलेले उत्तर रंगीत नकाशाच्या रूपाने समोर येते आणि म्हणूनच ते खरे वाटते. अधिकारी व लोकप्रतिनिधींनी येथे सावध राहणे आवश्यक आहे. प्रतिमानाची परीक्षा घेण्याची एक सोपी रीत आहे. समजा, एका गावाच्या दहा वर्षांच्या पावसाच्या व विहिरींच्या नोंदी आहेत. त्यांपैकी सहा वर्षांच्या नोंदींवरून प्रतिमान जुळवून घ्यावयाचे आणि उरलेल्या चार वर्षांच्या नोंदी त्याला दाखवावयाच्याच नाहीत. मग त्या चार वर्षांत विहिरींची पातळी किती होती हे प्रतिमानाला विचारावयाचे आणि उत्तर नोंदवहीशी ताडून पाहावयाचे. ज्या वर्षांचे उत्तर आधीच ठाऊक आहे त्यांच्याशीच मेळ घालून दाखविणे ही परीक्षा नव्हे. ती पाठांतराची पुनरुक्ती झाली.

दुसरी गोष्ट अनिश्चिततेची. ‘गावाचे पाणी १० मेपर्यंत पुरेल’ असे ठाम विधान करणाऱ्या प्रतिमानापेक्षा, ‘ते एप्रिलअखेर ते मेअखेर या दरम्यान संपेल, आणि उन्हाळी पीक टाळल्यास जूनच्या मध्यापर्यंत जाईल’ असे सांगणारे प्रतिमान अधिक प्रामाणिक आणि म्हणून अधिक उपयुक्त असते. ऑक्टोबरमध्ये ग्रामसभेला रब्बीचा निर्णय घ्यावयाचा असतो. त्या वेळी अंदाज चुकला, तर त्याची किंमत मे महिन्यात डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या बायका आणि शाळा सोडून पाण्याच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या मुली मोजतात. प्रबंधातील त्रुटीची मर्यादा हा म्हणूनच केवळ परीक्षकांच्या समाधानाचा विषय नाही.

या दिशेने महाराष्ट्रात प्रत्यक्ष काम झाले आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात मराठवाड्यातील सर्व जिल्ह्यांचा, म्हणून बीडचाही, समावेश झाला. या प्रकल्पासाठी आयआयटी मुंबईच्या सहकार्याने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची गणनपद्धती विकसित करण्यात आली. माती, उतार, पीक आणि रोजचा पाऊस यांवरून किती पाणी वाहून जाईल व किती मुरेल याचा अंदाज तीत काढला जातो. प्रयोगशाळेतील प्रतिमान ग्रामस्तरावरील नियोजनापर्यंत पोचू शकते, हे यावरून दिसते.

प्रवेशाचे मार्ग

या क्षेत्रात पीएच.डी. करू इच्छिणाऱ्यास स्थापत्य, यंत्र, विद्युत, संगणक अथवा कृषी अभियांत्रिकीतून येता येते, तसेच गणित, भौतिकशास्त्र वा भूशास्त्र या विषयांतूनही येता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पदव्युत्तर पदवीस किमान ५५ टक्के गुण आवश्यक आहेत. चार वर्षांच्या पदवीनंतर थेट प्रवेश घ्यावयाचा असल्यास किमान ७५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक आणि दिव्यांग उमेदवारांस नियमानुसार पाच टक्क्यांची सवलत आहे. अभ्यासक्रमाचा किमान कालावधी तीन वर्षे आणि सर्वसाधारण कमाल कालावधी सहा वर्षे आहे. महिला व दिव्यांग संशोधकांस अधिक मुदत मिळते. आयआयटीसारख्या संस्थांचे प्रवेशनियम स्वतंत्र असून, तेथे अभियांत्रिकी शाखांसाठी गेट परीक्षेस महत्त्व असते.

सेवेत असलेल्या शिक्षक व अभियंत्यांनी लक्षात ठेवण्याजोगी बाब अशी की, याच नियमांनी अर्धवेळ पीएच.डी.स मान्यता दिली आहे. त्यासाठी सेवेतील संस्थेच्या सक्षम प्राधिकाऱ्याचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. जलसंपदा, मृद व जलसंधारण आणि पाणीपुरवठा विभागांतील तरुण अभियंत्यांकडे क्षेत्रीय अनुभव मोठा असतो. त्यांना अशी संमती वेळेवर मिळाली, तर त्यांच्या संशोधनाचा लाभ त्यांच्याच विभागाला होईल.

जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना जवळची संस्था म्हणजे छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ होय. तंत्रशास्त्रासाठी लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. सिंचन व जलसंधारणाशी निगडित विषयांसाठी परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ येथील कृषी अभियांत्रिकीचे विभाग आहेत. पुणे विद्यापीठात प्रतिमान व सदृशीकरण या विषयाचे स्वतंत्र केंद्र २००३ मध्ये सुरू झाले. नागपूरची विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आणि आयआयटी मुंबई येथे अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखांत हे संशोधन चालते. आयआयटी मुंबईत ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचा विचार करणारे ‘सितारा’ हे केंद्र १९८५ पासून कार्यरत आहे.

आर्थिक साहाय्याच्या माहितीअभावी अनेक होतकरू विद्यार्थी या वाटेकडे वळतच नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठ अधिछात्रवृत्तीची ४२,००० रुपये करण्यात आली. घरभाडे भत्ता वेगळा. राज्यात अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, मराठा व कुणबी समाजांसाठी पुण्याची सारथी आणि इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती या संस्था पीएच.डी. संशोधकांसाठी अधिछात्रवृत्तीच्या योजना राबवितात. त्यांच्या जाहिराती व अटी दरवर्षी पाहाव्या लागतात. दिवाळीनंतर आईवडील ऊसतोडीला गेलेले असताना आजीजवळ अथवा वसतिगृहात राहून शिकलेल्या मुलामुलींच्या दृष्टीने ही माहिती वेळेवर कळणे हीच मोठी मदत असते. ती त्यांच्यापर्यंत पोचविणारा पहिला माणूस गावातील शिक्षक होय.

शाळा, पंचायत आणि कार्यालय यांचे कार्य

या विद्येची तयारी शाळेतच सुरू होते. गुणोत्तर, क्षेत्रफळ, घनफळ आणि आलेख हे धडे शिकविताना गावच्या तलावाचे, विहिरीचे आणि पावसाचे आकडे घेतले, तर विद्यार्थ्यांना गणिताचा उपयोग उमगतो. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एनपीटीईल व स्वयम् या व्यासपीठांवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने विनामूल्य ऐकता येतात. भूजलासाठी अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘मॉडफ्लो’ आणि द्रवप्रवाहासाठी ‘ओपनफोम’ या आज्ञावली कोणासही मोफत मिळतात. आयआयटी मुंबईचा ‘फॉसी’ प्रकल्प अशा मुक्त आज्ञावलींचे शिक्षण देतो. सुरुवात करण्यास साधा संगणक पुरतो.

पंचायतीचे काम याहूनही मूलभूत आहे. शासनाने महसूल मंडळ स्तरावर स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली आहेत. परंतु एका मंडळात अनेक गावे येतात आणि एका शिवारात झड लागलेली असताना शेजारचे शिवार कोरडे राहते, हे सर्वांनी पाहिले आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून ठराविक वेळा मोजते. परंतु जिल्ह्यातील प्रत्येक गावात आणि प्रत्येक आठवड्याला ते होणे शक्य नाही. गावाने शाळेच्या आवारात एक पर्जन्यमापक बसवावा आणि रोज सकाळी साडेआठ वाजता नोंद घ्यावी. चार-पाच विहिरी निवडून दर आठवड्याला काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. कोणत्या गटात कोणते पीक आहे आणि मोटर किती तास चालते, हे हंगामात एकदा तरी लिहून ठेवावे. ज्या दिवशी नोंद झाली नाही ती जागा कोरी ठेवावी. अंदाजाने आकडा भरू नये. रिचर्डसन यांची दीर्घ मेहनत आरंभीच्या सदोष आकड्यांमुळे वाया गेली, हे येथे स्मरणात ठेवण्यासारखे आहे.

शासकीय कार्यालयांकडे धरणांची पातळी, कालव्यांचे विसर्ग, टँकरच्या फेऱ्या आणि पैसेवारी यांच्या अनेक वर्षांच्या नोंदी असतात. त्या संशोधकास नियमानुसार सुलभपणे उपलब्ध झाल्या, तर प्रबंधासाठीची दोन वर्षांची धावपळ वाचते. संशोधकानेही आपले निष्कर्ष इंग्रजी नियतकालिकात प्रसिद्ध करून थांबू नये. ते सोप्या मराठीत ग्रामसभेपुढे मांडावेत आणि गावकऱ्यांच्या शंका ऐकून घ्याव्यात. कोणत्या विहिरीचा झरा कोठून येतो याविषयी म्हाताऱ्या शेतकऱ्याचे सांगणे कित्येकदा प्रतिमानातील चूक दाखवून देते.

खजाना विहिरीचे काम करणाऱ्यांकडे संगणक नव्हता. पण जमीन पाहण्याची, मोजण्याची आणि मोजलेल्यावर विसंबण्याची शिस्त होती. आज साधने विपुल आहेत, शिष्यवृत्त्या आहेत, मार्गदर्शन करणाऱ्या संस्था आहेत. उणीव आहे ती गावाचा प्रश्न विद्यापीठापर्यंत नेणाऱ्या विद्यार्थ्याची आणि त्याच्या हाती देण्याजोग्या विश्वसनीय नोंदवहीची. यांपैकी दुसरी गोष्ट येत्या पावसाळ्यापासून प्रत्येक ग्रामपंचायत सुरू करू शकते. पहिली त्या नोंदवहीतूनच घडेल.